उलटी गाठ

आमच्या गॅरेजात एकच नियम होता. काम अपुरं असलं की गाडीच्या स्टिअरिंगला चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर गाडीला कुणी हात लावायचा नाही, अगदी मालक आला तरी. नियम बाबांचा. हँडल मारून गाडी सुरू करताना त्यांचा डावा अंगठा गेला होता. त्यामुळे ते गाठ उलटी मारायचे आणि टोक दातांनी ओढायचे. तशी गाठ मला पंचवीस वर्षांत जमली नाही.

ती काळी, बिनटपाची गाडी बाबांनी भंगारातून आणली. तिचा नट न् नट मी घासला. आणि जाताना बाबा ती कुणाला देऊन गेले? धाकट्याला! ज्याला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नाही, त्याला. आयत्या बिळावर नागोबा! लोक म्हणाले, जाऊ दे रे, भाऊच आहे. जाऊ कसं देणार? माझा जळफळाट होत होता.

त्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांची रॅली निघाली. धाकट्याने पांढरा कोट शिवून घेतला आणि मला म्हणाला, "दादा, मेकॅनिक म्हणून तू बस शेजारी. शेवटच्या थांब्यापर्यंत." पुढे मोठा उतार होता. तिथून मालकाने एकट्याने गाडी न्यायची, असं ठरलं होतं.

निघायच्या आधी मी गाडीखाली शिरलो. ब्रेकच्या दांड्याचा खिळा निसटू नये म्हणून त्यात एक बोटभर पिन असते. ती काढली आणि खिशात टाकली. स्टिअरिंगची चिंधी सोडून तीही खिशात घातली. त्याला मारायचं नव्हतं. गाडी कठड्याला घासावी, चारचौघांत त्याचं नाक कापलं जावं, एवढंच. निदान मनाची समजूत तरी मी तशीच घातली.

ऊन रणरणत होतं. सीटचं चामडं पँटीतून चटके देत होतं. रस्त्याकडेचे लोक ओरडत, "वा, काय ठेवलीय गाडी!" धाकटा हॅट उचलून हसे. ठेवली कुणी? मी! मी बॉनेटकडे बघत बसलो.

पहिल्या थांब्यावर आम्ही दोघं पाणी प्यायला उतरलो. परत आलो तर स्टिअरिंगला चिंधी.

"नजर लागू नये म्हणून बांधलीस होय?" धाकटा हसला. गॅरेजात त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. चिंधीचा अर्थ त्याला काय कळणार!

मी खिसा चाचपला. पिन होती, चिंधी नव्हती. पडली असेल, कुणीतरी थट्टा केली असेल. सोडून गटारात फेकली. सुटायला वेळ लागला. गाठ उलटी होती.

दुसऱ्या थांब्यावर मी गाडीपासून हललो नाही. नोंदणीच्या बाईंनी कार्डावर सही मागितली, तेवढीच मान वळवली. तेवढ्यात चिंधी बांधून झाली होती. चपलेला डांबर चिकटेल असलं ऊन, पण चिंधीचं टोक ओलं होतं. त्यावर दातांच्या खुणा बोटांना लागल्या.

खोटं कशाला सांगू, आधी भीती नाही वाटली. आधी राग आला. मेल्यावरसुद्धा काळजी त्याचीच? माझ्यासाठी कधी आलात, बाबा? तीही चिंधी मी ओढून फेकली.

शेवटचा थांबा. आम्ही दोघंही अजून जागेवरच होतो. स्टिअरिंगवर धाकट्याचे हात होते. दोन हातांच्या मधोमध चिंधी होती.

खाली मांडवातून त्याची मुलगी हात हलवत होती.

"थांब," मी म्हणालो. "पाच मिनिटं."

"आता काय राहिलं, दादा?"

"थोडं काम अपुरं आहे."

गाडीखाली सरकलो. पिन काही केल्या भोकात जाईना.

मग कुणीतरी माझं मनगट धरलं. चार बोटांनी.

मी डोळे मिटून घेतले. पिन बसली.

धाकटा उतार झोकात उतरला. खाली टाळ्या पडल्या. स्टिअरिंगवर आता काही नव्हतं.

चिंधी माझ्या मनगटाला होती. टोक ओलं.

घरी येऊन ती कात्रीने कापली. त्याला चार वर्षं झाली. आजची सकाळी कापली.