दीड फुटाचा सोबती

गॅसच्या शेगडीमागून साप निघाला तेव्हा सुचिता ओरडली नाही. तिने त्याच्यावर परात पालथी घातली, वर पोळपाट ठेवला आणि खाली जाऊन घरमालकीण गोजरबाईंना सांगितलं. ओरडायचं काम मग गोजरबाईंनी केलं.

भादव्यातली दुपार, बारीक पाऊस लागलेला. तासाभरात सर्पमित्र आला. धामणगाव बढ्याचा शिवम इंगळे, तिशीतला. गच्चीवरच्या खोलीपर्यंत येता येता त्याला धाप लागली होती. सुजलेल्या पापण्यांवर आलेले भिजलेले केस मागे सारत त्याने परात उचलली आणि करंगळीएवढा जाड तो जीव अलगद हातावर घेतला. मण्यार नाही, कवड्या आहे, याला विष नसतं, असं त्याने गोजरबाईंना सांगितलं. त्या तरी अर्ध्या जिन्यावरूनच ऐकत राहिल्या.

सुचिता मात्र जवळ आली. सापाची लवलवती जीभ बघत राहिली.

"याले... ठेवता येईन का?"

शिवमने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. दहा वर्षं तो साप धरत होता. लोक विचारत, याची जोडी कुठे असेल, हा डूख धरेल का. ठेवू का, असं कोणी विचारलं नव्हतं.

"ठेवला तं जेलात जासान, मॅडम. आपल्याकडचा कोणताच साप पाळता येत नाई." मग तिचा उतरलेला चेहरा पाहून तो जरा घुटमळला. "बाहेरदेशातले हायेत काही... कागदपत्रं करून पाळता येतात. पण जागा किती हाय तुमच्याकडं?"

सुचिताने नुसता हात फिरवून खोली दाखवली.

लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच तिच्या नवऱ्याने दुसरं घर मांडलं होतं. भावाकडे चार महिने ती पाहुण्यासारखी राहिली आणि मग नांदुऱ्यातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी धरून इथे आली. संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळी ठेवलेला पेला जिथल्या तिथे असायचा. त्या पेल्याकडे बघवत नसे. कुत्र्या-मांजराच्या केसांनी तिचा दमा उसळायचा. आणि या एवढ्याशा सापाने, घटकाभर का होईना, खोलीत हालचाल आणली होती.

खोलीचं माप घ्यायला एक रविवार पुरला असता. शिवम चार रविवार आला.

पलंग, ओटा आणि कपाट वजा जाता खिडकीखालची देवळी तेवढी उरत होती. सव्वादोन फूट लांब, फूटभर खोल. परदेशी अजगर नको, तो चार फुटांवर जातो, असं त्याने समजावलं. कॉर्न स्नेक रंगाने देखणा, पण त्याला फिरायला ऐसपैस पेटी लागते. राहता राहिला केनियाचा वाळूतला बोआ, आपल्या मांडुळाचा लांबचा भाऊ. त्यातही नर घ्यायचा, तो दीड फुटाच्या आतच राहतो. दिवसभर वाळूत गडप, आठ-दहा दिवसांतून एक उंदराचं पिल्लू. नांदुऱ्याच्या मे महिन्यात मात्र त्यालाही कूलर लागेल.

"म्हंजे मी घरी आली तं तो दिसणार बी नाई?"

"डोळे दिसतीन ना वाळूवर. तुमची वाट पाहून राह्यला, असंच वाटीन."

"सापाले वाट पाहता येते?"

"सापाले नाई येत..." शिवम मोजपट्टी गुंडाळू लागला. ती पुन्हा पुन्हा सुटत होती.

सुचिता हसली. खूप दिवसांनी हसल्याचं तिचं तिलाच जाणवलं. चहा मात्र तो दोन घोटच घ्यायचा आणि कप तसाच ठेवायचा. आपला चहा त्याला आवडत नाही की काय, असं वाटून ती दर रविवारी आलं थोडं कमी-जास्त करून बघे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये बाहेरगावची रक्ताच्या नमुन्यांची पेटी आली. एका नळीवर नाव होतं, शिवम निवृत्ती इंगळे. वय बत्तीस. क्रिएटिनिन नऊच्या वर आलं. मूत्रपिंडं धड असली की ते एकाच्या आसपास असतं. सुचिताने तोच नमुना पुन्हा लावला. आकडा तोच. तिसऱ्यांदा लावायला तिचा हात उचलेना. ती धाप, त्या सुजलेल्या पापण्या, उरलेला चहा... सगळं तिला एकदम कळलं.

रविवारी तो साप पाळायच्या परवानगीचा अर्ज भरूनच आला. खाली तिची सही तेवढी हवी होती.

"वीस-बावीस वर्षं जगते हा," तो म्हणाला. "खाणं कसं द्याचं, कात टाकतानी काय पाहाचं, सारं लिहून ठेवलं. मी नसलो तरी अडणार नाई."

"तुमचा रिपोर्ट माह्या हातून गेला," सुचिता म्हणाली.

 तो खाली बघत सांगू लागला. तीन वर्षांपूर्वी देऊळघाटला सोयाबीनच्या ढिगात घोणस चावली होती. जीव वाचला, मूत्रपिंडं सावरली नाहीत. वडिलांचं मूत्रपिंड घ्यायचं ठरलं, तर त्यांना साखर निघाली. अवयवदानाच्या यादीत नाव आहे, पण यादी हलत नाही. आता बुलढाण्याला डायलिसिस सुरू करायला सांगितलं होतं.

"मले सांगितलं काऊन नाई?"

"एकदा एकट्या पडल्या तुम्ही. दुसऱ्यांदा माह्यामुळं..." त्याने अर्ज तिच्यापुढे सरकवला. "म्हून म्हटलं, खोलीत कोणीतरी असावं. माह्यापेक्षा जास्त जगणारं."

सुचिताने अर्जाची घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवली.

"मले तुह्या बदल्यात साप नाई पायजे, शिवम."

तिने पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं होतं. त्याचे डोळे भरले, पण त्याने मान हलवली. देण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, फोन करू नको, बुलढाण्याला तर मुळीच येऊ नको, एवढं सांगून तो भिंत धरत जिना उतरला.

पुढचे तीन रविवार कोणी आलं नाही. फोन नुसता वाजत राही. चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, सुचिताने रजा टाकली आणि बुलढाण्याची बस पकडली.

डायलिसिसच्या खोलीत तो पलंगावर पडला होता. हातातून निघालेली नळी मशीनकडे जात होती, रक्ताने भरलेली. दिवसभर रक्त हाताळणाऱ्या सुचिताला त्या नळीकडे बघवेना. तिला पाहताच त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती स्टूल ओढून बसली.  चादरीबाहेर आलेला त्याचा पाय तिने झाकला.

"किती दिवस येशीन?" त्याने न वळताच विचारलं.

"जितके असतीन तितके."

 नर्स रजिस्टर घेऊन आली. सोबत कोण आहे, त्याचं नाव लिहायचं होतं. सुचिताने नाव सांगितलं. नातं विचारल्यावर मात्र ती थांबली. 

"घरची हाय," शिवम भिंतीकडे बघतच म्हणाला. "माही घरची."

नर्सने 'पत्नी' लिहिलं आणि ती पुढच्या पलंगाकडे वळली. सुचिताने त्याचा मोकळा हात दोन्ही हातांत धरला. हात गार होता. मशीनवर अजून अडीच तास बाकी दिसत होते.