नर्मदाबाईंच्या हाकेला आलेली ओ

रामेश्वराच्या पायरीवर हात ठेवून सांगते, यात पदरचं काही नाही.

२००३चा कार्तिक. गाव मिठबाव.

सुगंधामावशीचा नवरा गुणाजी होडीवरून पाण्यात पडला, तो सापडलाच नाही.

तिथली रीत अशी. तिन्हीसांजेला होड्या दिसल्या की बायका पुळणीवरून, किनाऱ्याच्या वाळूतून, नावानं हाक घालतात, होडीतून ओ येते. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून गुणाजीला हाक त्याची आई घालायची. नर्मदाबाई.

दिवसकार्य उरकलं तरी म्हातारी पुळणीवर गेली. मावशी मागोमाग.

"गुणाजीऽऽ रे!"

लाट फुटली... मग सगळं गप्प.

आणि पाण्याकडून ओ आली...

"आद्सुम."

आवाज गुणाजीचा. शब्द मात्र त्याचा नव्हे.

"आयकलंस गो?" म्हातारी रडता रडता हसली. "माझो झील ओ देता!"

मावशीनं मालवणच्या फर्नांडिस मास्तरांना गाठलं. ते तरुणपणी पाद्री व्हायला गोव्यात शिकलेले.

"लॅटिन आहे," मास्तर म्हणाले. "'आद' म्हणजे जवळ. 'सुम' म्हणजे मी आहे. जोडून, मी हजर आहे. आम्ही हजेरीला हेच म्हणायचो."

"पण मी म्हणजे कोण, मास्तरांनू?"

"ते शब्द सांगत नाही. 'मी' क्रियापदाच्या पोटातच असतो." मास्तरांनी चष्मा काढला. "तुमच्या माणसाला हे शिकवलं कुणी?"

गुणाजी चौथी शिकलेला.

ओ रोज येत राहिली.

आधी पाण्यातल्या खडपांपलीकडून... मग फुटत्या लाटेतून... मग सुरूच्या झाडांतून, घराच्या बाजूनं.

मावशी कीर्तनं ऐकत वाढलेली. भोळ्या भावानं नाव घ्या, तो धावत येतो, हे बुवांच्या तोंडून किती वेळा ऐकून ती डोळे पुसत घरी आलेली.

पण हा जो येत होता, तो कोण?

"आये, पाया पडतंय. आता हाक नको. घरात पोरां आसत."

"माझ्या झिलाक बोलवू नको?"

"त्येचो शब्द नाय तो!"

म्हातारीनं नातवंडांकडे पाहिलं. पदर तोंडात कोंबला आणि बसून राहिली.

तिन्हीसांज झाली. मावशीनं दिवा लावला, दाराला कडी घातली.

कुणीही हाक मारली नाही.

समुद्रसुद्धा ऐकू येईना...

मग दाराला तोंड लावून बोलावं तसं, अगदी हळू...

"आद्सुम."

म्हातारी उठून दाराकडे निघाली. मावशीनं तिचा हात धरला, तो उजाडेपर्यंत सोडला नाही.

सासूला आणि पोरांना घेऊन मावशी समुद्रापासून लांब, कसालला राहायला आली, त्यालाही वर्षं झाली. अजून भजनाला बसते. पण देवाचं नाव ओठातल्या ओठात घेते...

आणि घेऊन झालं की दाराकडे बघते.