बोलणी दादाच करायचा

बसा जवळ. ज्याच्यावर हे गुदरलं, तो माझ्याच काचेच्या दुकानात कामाला आहे. त्याला आपण धाकटा म्हणू. थोरला भाऊही माझ्याकडेच होता. शाळेशी दोघांचंही जमलं नाही, पण थोरल्याने बसवलेली काच वादळात हलायची नाही. पुट्टी भरून झाली की कोपऱ्यात तो अंगठा दाबायचा. अंगठ्यावर आडवा व्रण. तीच त्याची सही.

गेल्या ऑक्टोबरात थोरला परांचीवरून पडला. जागीच गेला.

दोघांची जुनी खोली मग धाकट्याला खायला उठायची. एका सकाळी रागारागात त्याने ती सोडली, हत्यारांची पेटी उचलली आणि दुसरी बघायला निघाला. तिसऱ्या मजल्यावर एक मिळाली. मालक खालीच राहायचा. दहाच्या ठोक्याला फाटकाला कुलूप, म्हणून भाडेकरू त्याला पाठीमागे कुलूपकाका म्हणायचे.

"एकटाच?" काकांनी विचारलं. "एकट्याला देत नाही. एकटा माणूस भिंतींशी बोलत बसतो. आधीचा तसलाच होता."

"एकटा कुठे? दादा आहे की!" तोंडातून निघून गेलं.

"असं? मग दोघांचं पाणी, भाडं जास्त."

"खिडकीला काच नाही, नुसता पुठ्ठा आहे. तरी जास्त?"

"काच तुझ्या खर्चाने. खिळा ठोकायचा नाही, पाहुणा आणायचा नाही."

"दादा असता तर..." धाकटा अडखळला. "बोलणी दादाच करतो."

"मग त्यालाच पाठव. मंगळवारपर्यंत त्याची सही झाली तर खोली तुमची. नाहीतर बोचकं उचलायचं."

जुन्या खोलीत एव्हाना दुसरं बिऱ्हाड आलं होतं. जायचं कुठे? धाकट्याने दाराबाहेर चपलांचे दोन जोड ठेवले. आपला आणि दादाचा. काका रोज सकाळी जिना चढून बघायचे, म्हणून रात्री तो दादाच्या चपला जरा हलवून ठेवायचा. एक पुढे, एक मागे. कुणी दमून येऊन काढाव्यात तशा. आत दोन चटया. एकीवर कुणीच नाही.

मंगळवार, अकरा नोव्हेंबर. दहाला कुलूप पडलेलं त्याने ऐकलं. उद्या खरं सांगून टाकायचं, असं ठरवून तो आडवा झाला. वाऱ्याने पुठ्ठा फडफडत होता. झोप कुठली!

सव्वाअकराला खालून काकांचा आवाज आला.

"छे, तेवढं कमी नाही परवडत."

मग शांतता...

"बरं, दोनशे कमी."

शांतता...

"काचेचे पैसे मी का देऊ?"

फार वेळ काहीच नाही...

"बरं बाबा. बरं. दिले."

धाकटा उठून बसला. समोरचा माणूस बोलतच नव्हता. की ऐकू येत नव्हता?

जिन्यावर पावलं. अनवाणी. पहिला मजला. दुसरा. दाराशी थांबली.

"दादा?"

...

त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं. तोंडात कोंबलं.

पुठ्ठ्याची फडफड थांबली.

सकाळी तो धावत खाली गेला. काका चहा पीत होते.

"तुझा भाऊ भलताच चिवट रे! कवडी सोडली नाही. पाणी घे म्हटलं, नको म्हणाला. तुला हाक मारतो म्हटलं, तर म्हणाला, 'झोपलाय तो, उठवू नका. बरेच दिवस झोपला नाही.' मग काय, खोली तुमची."

"सही?"

"कागदावर नको म्हणाला. वर करतो म्हणाला."

धाकटा वर आला. पुठ्ठा घडी घालून भिंतीला टेकवलेला. खिडकीला काच. कोपऱ्यात पुट्टीत अंगठा. आडवा व्रण.

पुट्टी पंधरा दिवसांत दगड होते, पोरांनो. या गोष्टीला सहा महिने झाले. तो अजून तिथेच राहतो, दोन चटया घालतो. परवा मी स्वतः जाऊन त्या ठशाला बोट लावून बघितलं.

अजून मऊ आहे.