ओढ्यातला फेस

"ओढ्यात फेस! हा एवढाल्ला फेस!" प्रोफेसर धापा टाकत आला. भिंगरीचा हा जाड चष्म्याचा चुलतभाऊ एरवी कधी धावत नसे!

सुट्टीसाठी आलेल्या घरगाड्यांच्या तळावरची सगळी मंडळी ओढ्याकाठी जमली. तळ सांभाळणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "भांड्यांचं पाणी गाडीच्या टाकीत साठवायचं आणि खड्ड्यावर नेऊन ओतायचं, पाटीवर लिहिलंय ना? ज्याने ओढ्यात सोडलं, त्याने आजच्या आज तळ सोडायचा!"

"शेजारच्या आजोबांची गाडी किती जुनाट आहे! तीच गळत असणार!" भिंगरी पटकन बोलून गेली.

"अगदी बरोबर!" तिच्या काकांनी री ओढली. "आमची तर नवीकोरी!"

घड्याळं दुरुस्त करणारे ते आजोबा आपल्या गाडीकडे वळले. ते आपल्या घडीच्या खुर्च्या आवरायला लागले.

"थांबा, पुरावा हवा!" प्रोफेसर म्हणाला. "केकचा लाल रंग बेसिनमध्ये ओतू. जी गाडी गळते, तिच्याखाली लाल पाणी दिसेल!"

आजोबांच्या बेसिनमध्ये अर्धी बाटली ओतून दोघं गाडीखाली पालथी पडली. एक थेंब नाही!

"आता आपली गाडी!"

भिंगरीला एकदम आठवलं. सकाळी काका म्हणाले होते, "खड्ड्यावर रांगेत कोण उभं राहणार? टाकीचा कॉक जरा उघड, थोडं गळू दे, मग बंद कर." तिने उघडला होता, आणि तशीच पोहायला पळाली होती!

"आपली कशाला? उगाच वेळ घालवू नका!" काका डाफरले.

बादली आणायच्या निमित्ताने भिंगरी गाडीमागे गेली. हात कॉकवर ठेवला. एक पीळ दिला की झालं! तेवढ्यात पलीकडे आजोबा दिसले. त्यांनी निळी खुर्ची मिटली, उघडली, परत मिटली. आपली चूक आपण या म्हाताऱ्या माणसाच्या माथी मारली! तिला स्वतःचीच लाज वाटली.

कॉक तसाच ठेवून तिने खाली बादली सरकवली. "बाई, इकडे या! काका, तुम्हीसुद्धा!" सगळ्यांदेखत तिने उरलेला रंग आपल्या बेसिनमध्ये ओतला. बादलीत लालभडक धार लागली!

"कॉक मीच उघडला. बंद करायला विसरले. आणि नाव आजोबांचं घेतलं."

काकांचा चेहरा पडला. "उघडायला मीच सांगितलं होतं," ते पुटपुटले.

"शाबास पोरी, खरं बोललीस!" बाई म्हणाल्या. "राहा तुम्ही. पण दोन दिवस सगळ्यांच्या टाक्या काका रिकाम्या करतील!"

ती शाबासकी भिंगरीला टोचली. ती आजोबांसमोर उभी राहिली. मान वर होईना. "आजोबा, माझं चुकलं."

"सकाळी कॉक उघडताना मी पाहिलं होतं तुला," आजोबा हळूच म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"म्हटलं, तू सांगशील. म्हणून तर वेळ काढत एकच खुर्ची चारदा मिटली!"

आजोबा हसले. भिंगरीला मात्र रडूच आलं. तिने त्यांच्या हातातली खुर्ची घेतली, उघडून जागेवर ठेवली आणि बादली उचलून मुकाट्याने काकांमागे खड्ड्याकडे निघाली.