खालचे सूर

त्या दुपारी मी बाजारात गेले होते ती फक्त शेवंतीची फुलं आणायला. मृतांच्या दिवशी, आमच्या हंगेरीत सगळे कबरींवर जातात तेव्हा, सेगेद गावच्या बाजारात दुसरं फूल दिसतच नाही. सेरेनाबाईंना बहिणीच्या कबरीवर जायचं होतं, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून माझा दंड धरल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत.

बाई म्हणजे वाम्होशी सेरेना. बुडापेस्ट, व्हिएन्ना, पार अमेरिकेपर्यंत लोकांनी रांगा लावून ज्यांचा पियानो ऐकला, त्या. मी त्यांची शिष्या. नाव काही काढलं नाही मी, पण शेवटपर्यंत चिकटून राहिले ती मीच. झटक्यात त्यांचा डावा हात गेला. म्हणजे होता जागेवर, पण मांडीवर नुसता पडून असायचा, गारठलेला. त्या म्हणायच्या, यापेक्षा उजवा गेला असता तर बरं. एकट्या डाव्या हातासाठी ढिगाने रचना आहेत, एकट्या उजव्याला कोणी विचारत नाही.

तरी गावातल्या संगीतशाळेत शेवटचा कार्यक्रम त्यांनी कबूल केला होता. एकाच पियानोवर दोघींनी बसायचं, वरचे सूर त्यांनी उजव्या हाताने वाजवायचे, खालचे मी. डावीकडे बसून खालचे सूर वाजवणारानेच पायाखालचं, सूर लांबवणारं पेडल सांभाळायचं, हा आमच्यातला रिवाज. आणि तिथेच माझं घोडं पेंड खात होतं. मी शिलाई मशीन चालवते, असं त्या रोज म्हणायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी पियानोचं झाकण मिटलं. कार्यक्रम नाही, काही नाही, या हाताबरोबर मलाही पुरून टाका म्हणाल्या. मला रडू आवरेना. वाजवणं थांबलं की ही बाई जगत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

लहानपणी बाईंचे पाय पेडलपर्यंत पोचत नसत. त्यांची थोरली बहीण एतेल्का डावीकडे बसायची. खालचे सूर तिचे, पेडलही तिचं. पुढे धाकटी जगभर गाजली आणि थोरली इथेच शाळेतल्या पोरांना सूर घोटवत राहिली. तिच्यासारखं पेडल पुन्हा कोणाला जमलं नाही, असं बाई म्हणत.

कबरस्तानात तिसा नदीवरून धुकं आलं होतं. मेणाचा आणि कुजक्या पानांचा वास दाटला होता. बाईंनी मेणबत्ती लावली आणि ओठ हलवत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. निघताना, आम्हीच वाहिलेल्या जुडीतली एक पांढरी शेवंती उपसून त्यांनी कोटात लपवली. कबरीवरचं फूल आमच्याकडे कोणी घरात आणत नाही.

"बाई, ठेवा ते परत."

"गप गं. किती घरं बदलली मी एवढ्या वर्षांत... तिला माझं घर सापडायला नको?"

घरी येऊन त्यांनी ते फूल पियानोच्या डाव्या टोकाला ठेवलं. मी स्वयंपाकघरात गेले. खसखस घातलेल्या गोड शेवया त्यांना आवडत, तेवढंच त्यांच्या पोटात जाईल म्हणून आधण ठेवलं. खिडकीत अजून उजेड होता. आणि बाहेरच्या खोलीत पियानो सुरू झाला.

आधी वरचे सूर आले, एकटेच. मग त्यांच्याखाली हळूच दुसरे सूर आले. जाड, सावकाश, एकमेकांत मिसळणारे. मला वाटलं, हात आला बाईंचा. ओल्या हातांनीच मी धावले आणि दारात थबकले.

बाई बाकाच्या उजव्या अर्ध्या भागावर बसल्या होत्या. डावा हात मांडीवर तसाच. बाकाच्या डाव्या भागावरची गादी खोल दबलेली होती. खालच्या पट्ट्या आपोआप दबत होत्या, उठत होत्या. पेडल खाली जात होतं... वर येत होतं... इतकं हळुवार, की मला जन्मात जमलं नसतं.

"बाई..."

"हळू बोल. आणि पान उलटून जरा जवळ धर. चष्मा नाही तिच्याकडे."

मी पुढे झाले. त्या रिकाम्या जागेवरून वाकले तेव्हा खडूच्या भुकटीचा वास आला. मी पान उलटलं. खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा आनंद मोठा होता. बाई हसत होत्या. झटक्यानंतर पहिल्यांदा.

कार्यक्रम झाला. डावीकडे मी बसले, पण माझी बोटं टेकायच्या आधीच पट्ट्या दबत होत्या. मी नुसते हात वर धरून होते. लोकांना काही कळलं नाही. शेवटी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळं सभागृह एका तालात टाळ्या वाजवू लागलं. बाईंचा उजवा हात धरून मी त्यांना पुढे आणलं. आम्ही वाकून अभिवादन केलं, आणि तेव्हा माझी नजर गेली.

त्यांचा डावा हात खांद्याच्या उंचीला उचललेला होता. बोटं मिटलेली. कोणीतरी तो घट्ट धरला होता.

आत गेल्यावर मी त्यांना शाल पांघरली. तो हात कधी नव्हे तो गरम लागला, तळवा घामाने ओला होता. काय बोलली ती, मी विचारलं. कसं विचारलं, कोण जाणे.

"पुढची तालीम तिच्याकडे ठेवलीय," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. डावा. "तू नको येऊस हं, योलान. तुझी पोरं लहान आहेत अजून."