तिलाच सांगायचं राहिलं

बसा. दार असू द्या उघडंच. हल्ली मी ते लावत नाही.

आमच्या जिन्यावर कुणाला शिंक आली तर रुमाल घेऊन मी आधी पोचते, असं आमचे हे म्हणायचे. खोटं नाही ते. समोरच्या बाई तर मला ‘चौकसबाई’च म्हणत. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, मी जेमतेम सातवी. पण दुपारचा चहा रोज एकत्र. एकदा चहा घेता घेता त्यांनी एक जुनं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

“सगळ्या जगाची खबर ठेवतेस. हिची काढून देशील?”

पुस्तकात नाव नव्हतं, फोटो नव्हता. नुसतं ‘मूल क्रमांक नऊ’.

बाईंनी तरुणपणी केलेला प्रयोग होता तो. अनाथाश्रमातली तीन वर्षांची मुलगी. रोज चार वाजता तिच्या खोलीच्या दारावर तीनदा टकटक करायची, मग आत जाऊन तिला उचलून घ्यायचं, अर्धा तास खेळवायचं. असे वीस दिवस. पुढचे चाळीस दिवस नुसती टकटक. आत जायचंच नाही. दाराला पाडलेल्या भोकातून बघायचं आणि मूल किती वेळ दाराकडे बघत राहतं ते वहीत मांडायचं.

“किती वेळ बघायची हो?”

“शेवटच्या दिवशी... दोन तास दहा मिनिटं.” बाईंनी कप खाली ठेवला. “प्रयोग संपला तसं कॉलेजला कळवलं, आश्रमाला कळवलं. तिलाच सांगायचं राहिलं गं. आता पंचावन्नची असेल. कुठेतरी मजेत आहे एवढं कळलं, की मी सुटले.”

मला काय, निमित्तच हवं असतं. दुसऱ्याच दिवशी गेले. आश्रम कधीच बंद पडलेला, तिथे जुन्या कागदांचं गोदाम झालेलं. मागच्या खोलीत तिथली म्हातारी आया अजून राहत होती. तिला मी नऊ नंबरच्या मुलीचं विचारलं.

“नऊ नंबर म्हणजे आमची ठकी. त्या कॉलेजवाल्या बाई यायच्या बंद झाल्या ना ताई, तरी चार वाजले की ही आपली स्टूल ओढून दारासमोर. मला बघवेना. म्हणून जाता-येता मीच वाजवायची तीनदा. एवढी हसायची पोर!”

“आणि मग आत जायचात?”

“चाळीस पोरांची दुधं तापवायची असायची हो... आत जायला सवड कुठली?” तिनं पदर तोंडाला लावला. “थंडीत ताप आला. खाटेवर निजेचना. त्या स्टुलावरच गेली, दाराकडे तोंड करून. चार वर्षांचीही झाली नव्हती. माझ्या टकटकीनंच तिची आशा सुटली नाही, ताई. मी गप्प बसले असते तर विसरली असती.”

गळ्यात गळा घालून रडलो दोघी. निघताना तिनं ते स्टूल दाखवलं. वीतभर उंचीचं, बसून बसून मधे गुळगुळीत झालेलं. पोरीचं जगात एवढंच काय ते उरलेलं. माझा हात आवरला नाही. पिशवीत घालून घेऊन आले.

बाईंना कोणत्या तोंडानं सांगू? पिशवी त्यांच्या दाराबाहेर ठेवली, आत गेले आणि चक्क थाप मारली. मजेत आहे म्हटलं. शिवणकाम करते, दोन लेकी आहेत. सांगता सांगता मलाच इतकं गोड वाटायला लागलं, की थोरलीला जावईसुद्धा शोधून दिला. बाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, “आज झोप लागेल.”

घड्याळात चार झाले.

टक. टक. टक.

आवाज दाराच्या पार खालून आला, गुडघ्याच्याही खालून. फटीतून करपलेल्या दुधाचा वास आत येत होता...

“तू म्हणालीस ती मजेत आहे,” बाई हळूच म्हणाल्या.

“हो...”

“मग इतक्या खालून कोण वाजवतंय?”

मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. बाईंनी माझ्यावर रागावायला हवं होतं. त्या काठी टेकत उठल्या, दार सताड उघडलं आणि हात पसरले. “प्रयोग संपला, बाळा. ये...”

बाहेर कुणी नव्हतं. स्टूल मात्र पिशवीतून निघून दारासमोर होतं.

मग रोजचंच झालं. चारला टकटक, बाई धडपडत दार उघडायच्या, हात पसरायच्या. मी म्हणायची, बाई, चार दिवस लेकाकडे जा. तर म्हणायच्या, “आणि ती आली तर?” कधी तास, कधी दोन तास तशाच उभ्या. चाळिसाव्या दिवशी उंबऱ्यातच गेल्या. हात पुढे केलेले होते. ते खाली घेताना आम्हाला फार जड गेलं.

उशाशी वही सापडली. रोज एक ओळ. ‘दिवस पहिला. टकटक झाली. दार उघडलं. कुणी आलं नाही.’ अशा एकोणचाळीस ओळी. चाळिसावी लिहायला त्या नव्हत्याच. तिथे पेन्सिलीनं तीन वाकड्या रेघा होत्या, लहान मुलं मूठ वळून ओढतात ना, तशा.

स्टूल मी परत द्यायला गेले, तर आया महिन्यापूर्वीच वारली, असं गोदामवाले म्हणाले. मग इथेच ठेवलंय, ते बघा. टाकून कसं देणार? त्या पोरीला कुणी तरी उचलून घ्यायला नको का?

म्हणून दार लावतच नाही. म्हटलं, वाजवायची वेळच येऊ नये पोरीवर, सरळ आत यावं. पण तरी रोज चारला वाजतंच. कालही वाजलं. दार असं भिंतीला टेकलेलं, उंबरा मोकळा, आणि त्या उघड्या दारावर खाली, टक... टक... टक.

मी हात पसरून सहापर्यंत बसले होते. आज नववा दिवस.

पावणेचार झाले वाटतं. जरा थांबता का?