चुकांच्या कोपऱ्यात नसलेलं नाव

चहाच्या गाडीच्या छपराखाली जेमतेम दोन माणसं मावत होती. एका जागेत रोवेना उभी होती आणि दुसऱ्या जागेत तिची पिशवी.

"पिशवीला भिजलेलं चालणार असेल, तर मी येऊ का आत?"

गळ्यात दुर्बीण, केसांतून ओघळणारं पाणी, आणि उंचीमुळे जरासा वाकून उभा असलेला तरुण. रोवेनाने गडबडीने पिशवी छातीशी धरली.

"या ना..."

"आभारी आहे. पिशवीचासुद्धा." तो हसला, आणि तिला उगीचच वाटलं की हा पाऊस आणखी थोडा वेळ चालावा.

एल्सकोटच्या छोट्या विमानतळाच्या कुंपणाशी आज विमानछंदी मंडळाचा वार्षिक मेळावा होता. कुठलं विमान कधी आलं, कधी गेलं, याच्या वह्या भरण्यात जन्म घालवणारी शे-दीडशे माणसं भर पावसात घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती.

"आज पहिल्यांदाच आलोय," तो म्हणाला. "पार सीमेवरच्या डोंगरांतून. मी फर्गस टेट."

रोवेनाच्या हातातला चहा सांडला तरी तिला कळलं नाही.

फर्गस टेट! चार वर्षं दर महिन्याला ज्याच्या हस्ताक्षरातल्या पत्राची ती वाट बघायची, तो हाच. मंडळाच्या मासिकाचं संपादन रोवेना करायची. मासिकाचा एक जुना, खट्याळ नियम होता. कुणी काही चुकीचं लिहिलं, तर शेवटच्या पानावर 'चुकांचा कोपरा' असे, त्यात ती चूक नावागावासकट छापायची. विमानं ठेवायच्या शेडच्या, म्हणजे हँगरच्या, जागी कपडे अडकवायचा हँगर लिहिणारे तर दर महिन्याला सापडत, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक एकाच अक्षराचा. लोक पोट धरून हसत. ज्याचं नाव असे, त्याला मात्र महिनाभर ऐकून घ्यावं लागे.

फर्गसच्या पहिल्याच पत्रात अकरा चुका होत्या. स्पेलिंग चुकवून त्याने खुर्च्यांमधल्या वाटेचं, म्हणजे 'आइल'चं, समुद्रातलं बेट केलं होतं, आणि थांबलेल्या, म्हणजे 'स्टेशनरी', विमानाचं वही-पेन्सिलीचं दुकान. पण पत्र असं होतं की रोवेनाने ते तीनदा वाचलं. मग दार लावून घेतलं आणि गुपचूप अकराही चुका दुरुस्त केल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा. असं करत करत चार वर्षं गेली.

"तुम्ही वाचता का मासिक?" फर्गसने विचारलं.

"हो... म्हणजे, बघते अधूनमधून."

"मग कोपरा बघितला असेल. चार वर्षांत माझं नाव एकदाही नाही!" त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "शाळेत बाई माझी वही वर धरून वर्गाला दाखवायच्या. हसायला. आता आई अंक जपून ठेवते. म्हणते, बघ, सुधारलास की नाही?"

रोवेनाला त्याच्याकडे बघवेना. कारण आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती आणि त्याला नव्हती. ज्याचं नाव सर्वांत जास्त काळ कोपऱ्यात आलेलं नाही, त्याला मेळाव्यात मानाचा खडू मिळायचा. तो घेऊन त्याने सगळ्यांसमोर मोठ्या फळ्यावर उतरणाऱ्या विमानांची वर्णनं लिहायची. आणि चूक झाली की सभासद आपापल्या गाड्यांचे भोंगे वाजवायचे. या वर्षीचं नाव काल ठरलं होतं. अध्यक्ष आर्नल्ड ऑलवुड दहा मिनिटांत ते पुकारणार होते.

सांगावं? सांगितलं तर हा चेहरा विझणार. नाही सांगितलं तर शंभर भोंगे वाजणार.

"फर्गस, तुम्ही आत्ताच्या आत्ता निघून जा."

"का? चहा इतका वाईट आहे?"

"थट्टा नाही करत मी. यंदा मानाचा खडू तुम्हाला मिळणार आहे, सगळ्यांसमोर फळ्यावर लिहावं लागेल. आणि... तुमच्या चुका होत होत्या. दर महिन्याला. त्या मी काढायचे, छापायच्या आधी. मीच संपादक आहे."

छपरावरून पाणी टपटपत राहिलं.

"म्हणजे ते सगळं तुमचं होतं?"

"नाही हो! शब्द तुमचेच. मी फक्त अक्षरं—"

"अक्षरंच तर मला कधी आली नाहीत." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "हे मंडळाला कळलं तर तुमचं काय होईल?"

"संपादकपद जाईल. ते जाऊ दे. तुम्ही निघा, मी सांगते काहीतरी."

तेवढ्यात कर्णा खरखरला. "फर्गस टेट! कुठे आहेस बाबा? ये, फळा वाट बघतोय!"

फर्गसने एकदा आपल्या गाडीकडे पाहिलं, एकदा रोवेनाकडे. मग तो सरळ फळ्याकडे चालू लागला.

पहिलं विमान उतरलं, निळ्या पट्ट्याचं, आणि हँगरसमोर थांबलं. फर्गसने लिहिलं. एक भोंगा वाजला, मग पाच, मग वीस. "अरे, कपडे वाळत घातलेत का तिथे?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. दुसऱ्या ओळीला तर सगळं मैदान दणाणलं. फर्गसचे कान लालबुंद झाले होते.

"घाबरलास का रे पोरा?" आर्नल्डने काळजीने विचारलं.

"हो, घाबरलोय," फर्गस म्हणाला. बस, एवढंच. रोवेनाचं नाव त्याने घेतलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. तो तिसरी ओळ लिहू लागला.

रोवेनाला ते सहन होईना. ती फळ्यापाशी गेली आणि आर्नल्डच्या हातातला कर्णा तिने जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"भोंगे माझ्यासाठी वाजवा! याच्या चुका चार वर्षं मी लपवल्या. त्याला माहीतसुद्धा नव्हतं."

भोंगे थांबले.

"पण का गं?" आर्नल्डने विचारलं.

"पहिल्या पत्रात त्याने धुक्यातून उतरणाऱ्या विमानाबद्दल लिहिलं होतं... की ते काठी टेकत घर शोधणाऱ्या आजोबांसारखं आलं. मला वाटलं, याच्यावर लोक हसले तर हा पुन्हा लिहिणार नाही. आणि मला—" तिचा आवाज कापला. "मला पुढचं पत्र हवं होतं."

आर्नल्ड खाकरला. नियम तो नियम. वर्षभर संपादन दुसऱ्या कुणाकडे, आणि पुढच्या कोपऱ्यात रोवेनाचं नाव. तिने मान हलवली आणि भरल्या डोळ्यांनी कुंपणाच्या कडेने चालू लागली.

मागून धापा टाकत फर्गस आला.

"रागावलात?" तिने न वळताच विचारलं.

"खूप. पण चार वर्षं कुणीतरी माझ्या पत्राची वाट बघत होतं, हे आज कळलं. आता तो राग किती वेळ टिकणार?" तो थबकला. "रविवारी आमच्याकडे येशील? लिहून विचारणार होतो, पण... त्यात चुका होतील."

"होऊ देत. लिही."

त्याने खिशातल्या टिपणवहीचं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. चार शब्दांत तीन चुका होत्या.

"येईन," रोवेना म्हणाली, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याचं लिहिणं जसंच्या तसं आपल्याजवळ ठेवून घेतलं.